ब्रुकलिनमधलं तीन बिऱ्हाडांचं ब्राउनस्टोन घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्सी सिटीत भाड्याने राहणारं एक मराठी जोडपं ब्रुकलिनच्या स्टायव्हसंट हाइट्स भागातलं घर घ्यायचा विचार करतंय. जाहिरातीत म्हटलंय: १८९० च्या सुमाराचं ब्राउनस्टोन (दर्शनी बाजूला तपकिरी दगड असलेलं जुनं घर), चार मजले, तीन बिऱ्हाडं, संपूर्ण नूतनीकरण, जुनं लाकूडकाम जपलेलं. मागणी २२ लाख डॉलर. विकणारी एक एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी आहे आणि तिने हे घर दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं. खालचे दोन मजले स्वतःला ठेवायचे, पुण्याहून आई-बाबा आले की ते बागेच्या बाजूच्या खोलीत राहतील, आणि वरचे दोन मजले दोन वेगळ्या भाडेकरूंना देऊन हप्त्याला हातभार लावायचा. हा बेत बरा आहे का, आणि घर बघताना काय तपासायचं?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ब्रुकलिनमधल्या अशाच घरांच्या दुरुस्त्या आणि फेरबांधणी हे गेली बरीच वर्षं माझं काम आहे. बेत चांगला आहे आणि या भागावर तर माझा जीव आहे. पण तुमचा सगळा हिशेब ‘तीन’ या एका आकड्यावर उभा आहे. तो आकडा जाहिरातीत आहे, एवढ्याने भागत नाही. महापालिकेच्या कागदात, घराच्या वाशांत आणि तिथे राहिलेल्या माणसांच्या हक्कांत तो खरा ठरला पाहिजे. नवं स्वयंपाकघर आणि चकचकीत फरशी बघायच्या आधी हे शोधायला लागा.

पहिला कागद म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी. इमारत कशासाठी वापरायची आणि कुठल्या मजल्यावर किती बिऱ्हाडं राहू शकतात, हे त्यात मजल्यागणिक लिहिलेलं असतं. न्यूयॉर्कच्या डिपार्टमेंट ऑफ बिल्डिंग्जच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की ते फुकट बघायला मिळतं. १९३८ च्या आधी बांधलेल्या घरांना हे सर्टिफिकेट नसणं बेकायदा नाही. पण पुढे कधी वापर बदलला किंवा बिऱ्हाडं वाढवली असतील तर ते नव्याने घ्यावं लागतं. सर्टिफिकेट नसेल तर महापालिकेच्या घरबांधणी खात्याकडच्या (हे खातं वेगळं) जुन्या तपासणीच्या नोंदी बघायच्या. त्यांना ‘आय-कार्ड’ म्हणतात. भाड्याच्या इमारती तपासणाऱ्या जुन्या टेनेमेंट हाउस डिपार्टमेंटच्या तपासनिसांनी हाताने भरलेली ही कार्डं आहेत आणि आता ती स्कॅन करून ठेवली आहेत. त्यांवर मजल्याचा आराखडा आणि बिऱ्हाडांची संख्या सापडते. यातलं काहीच नसेल तर विकणाऱ्याने डिपार्टमेंट ऑफ बिल्डिंग्जकडून ‘लेटर ऑफ नो ऑब्जेक्शन’, म्हणजे आताच्या वापराला हरकत नसल्याचं पत्र, आणून द्यावं.

आता समजा, सर्टिफिकेटवर दोनच बिऱ्हाडं निघाली आणि वर तिसरं स्वयंपाकघर कुणीतरी नंतर घातलेलं आहे. दलाल म्हणेल, या गल्लीत सगळीकडे असंच आहे. असेलही. पण बँकेचा मूल्यमापक येऊन ‘दोन बिऱ्हाडं कायदेशीर, तिसरं बेकायदा’ असं लिहून जाईल. कर्ज मंजूर करताना बँक साधारणपणे भाड्याचा ७५ टक्के भाग तुमच्या उत्पन्नात धरते. वरच्या दोन्ही मजल्यांचं भाडं प्रत्येकी ३,२०० डॉलर धरलंत तर तुमच्या खात्यात महिना ४,८०० डॉलर मोजले जातील. एकच मजला कायदेशीर असेल तर २,४०० डॉलर. एवढ्या फरकाने कर्ज अडू शकतं. शिवाय बेकायदा बिऱ्हाडातल्या भाडेकरूने भाडं थांबवलं तर ते वसूल करायला न्यायालयात तुमची बाजू फार लंगडी पडते.

दोन आणि तीन यांत कायद्याच्या दृष्टीनेही मोठी दरी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या १९२९ च्या मल्टिपल ड्वेलिंग कायद्यानुसार तीन किंवा जास्त बिऱ्हाडांचं घर ‘मल्टिपल ड्वेलिंग’ ठरतं. तिथून पुढे आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग, जिन्याच्या भिंतींची आगरोधकता, दारं, हे सगळं कडक होतं. घरबांधणी खात्याकडे दरवर्षी नोंदणी करावी लागते. गॅसच्या पाइपांची चार वर्षांतून एकदा परवानाधारक माणसाकडून तपासणी करून घ्यावी लागते. दोनाचं तीन करणं म्हणजे फक्त चूल मांडणं नाही, आणि ज्यांनी ते नीट केलंय त्यांच्याकडे त्याची कागदपत्रं असतातच.

मालमत्ता कराच्या बाबतीत मात्र तीनपर्यंत तुमचा फायदा आहे. एक ते तीन बिऱ्हाडांची घरं पहिल्या वर्गात येतात. त्यांचं करपात्र मूल्य वर्षाला ६ टक्क्यांपेक्षा आणि पाच वर्षांत २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. किमती झपाट्याने चढलेल्या अशा भागात म्हणून कर बाजारभावाच्या मानाने कमी राहतो. नवं बांधकाम झालं की त्यापोटीची वाढ मात्र या मर्यादेबाहेर असते. त्यामुळे नूतनीकरणानंतरचं मूल्यमापन झालंय का हे विचारा. जाहिरातीतला कराचा आकडा जुना असू शकतो.

या भागाचा इतिहास थोडा माहीत असायला हवा, कारण तो कागदांत उतरलेला असतो. ब्रुकलिन १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होतं. तुमचं घर त्या काळातलं, म्हणजे बहुधा एका सुखवस्तू कुटुंबासाठी बांधलेलं. खाली स्वयंपाकघर, रस्त्यावरून दगडी जिना चढून गेलं की दिवाणखान्याचा मजला, वर झोपायच्या खोल्या. १९३० च्या दशकात सरकारी गहाणखत संस्थेच्या नकाशांनी बेडफर्ड-स्टायव्हसंटला (स्टायव्हसंट हाइट्स याच वस्तीचा भाग) लाल रंग दिला, म्हणजे कर्जासाठी धोक्याचं ठरवलं, आणि बँका इथे कर्ज देईनाशा झाल्या. बरीच घरं खोल्याखोल्यांनी भाड्याने देण्यासाठी कापली गेली. कृष्णवर्णीय कुटुंबांनी बँकेच्या मदतीशिवाय, खोल्या भाड्याने देऊन, नोकऱ्या करून ही घरं घेतली, सांभाळली, पुढच्या पिढीला दिली. १९६७ मध्ये इथे बेडफर्ड स्टायव्हसंट रिस्टोरेशन कॉर्पोरेशन ही वस्तीच्या विकासासाठीची संस्था स्थापन झाली. १९७१ मध्ये स्टायव्हसंट हाइट्स हा ऐतिहासिक विभाग जाहीर झाला आणि २०१३ मध्ये त्याची हद्द वाढवली गेली. आज तुम्ही ज्या कोरीव लाकडाचे जास्त पैसे मोजणार आहात, ते ज्या कुटुंबांनी टिकवलं त्यांतली कित्येक अजून त्याच गल्लीत राहतात.

खोल्यांनी भाड्याने दिलेल्या घरांचा एक कायदेशीर माग राहतो. सर्टिफिकेटवर किंवा नोंदीत ‘रूमिंग’, ‘एसआरओ’ (सिंगल रूम ऑक्युपन्सी, म्हणजे एकेक खोली भाड्याने) असे शब्द दिसले तर थांबा. अशा घराची रचना बदलण्याआधी ‘सर्टिफिकेट ऑफ नो हॅरॅसमेंट’ घ्यावं लागतं. भाडेकरूंना छळून बाहेर काढलेलं नाही, याची ती खातरजमा असते. शिवाय १९७४ च्या आधी बांधलेल्या, सहा किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींना भाडेनियंत्रण लागू होतं, आणि त्यात अशा खोल्याही मोजल्या जाऊ शकतात. पुढे त्याचं तीन बिऱ्हाडांचं घर केलं म्हणून नियंत्रण आपोआप सुटत नाही. राज्याच्या खात्याकडे असलेला भाड्याचा इतिहास मालक मागवू शकतो. तो विकणाऱ्याने मागवून तुमच्या वकिलाला द्यावा.

तसंच मालकीच्या साखळीचं. ‘ॲक्रिस’ या महापालिकेच्या प्रणालीवर १९६६ पासूनची खरेदीखतं बघता येतात. एलएलसीने हे घर कुणाकडून घेतलं, किती रकमेला, विकणारी व्यक्ती स्वतः होती की वारस, सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, हे पाहा. वृद्ध घरमालकांना फसवून खरेदीखत लिहून घेण्याचे प्रकार या भागात इतके झाले की २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने असं मालकीचं खत लाटणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. दोन वर्षांपूर्वीची किंमत गल्लीतल्या इतर घरांच्या मानाने विचित्र कमी दिसली तर टायटल कंपनीला (मालकी हक्क तपासून त्याचा विमा देणारी कंपनी) त्या व्यवहाराची खोलात चौकशी करायला सांगा. टायटल विमा तुमचे पैसे वाचवेल. पण कुणाच्या आजीचं हिसकावलेलं घर आपण घेतो आहोत का, हे विमा घेऊन विसरायची गोष्ट नाही, असं मला वाटतं.

आता माझ्या कामाचा भाग. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नूतनीकरण नेमकं इथेच झाकलं जातं.

ही घरं साधारण २० फूट रुंद आणि ४० ते ४५ फूट खोल असतात. दोन्ही बाजूंच्या विटांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. मजल्यांचे लाकडी वासे या सामाईक भिंतींमध्ये आडवे टाकलेले असतात आणि त्यांची टोकं भिंतीतल्या खोबणींत बसवलेली असतात. म्हणजे पुढच्या आणि मागच्या भिंतीवर मजल्याचं वजन फारसं येत नाही. त्या भिंतींना वाशांनी घट्ट धरूनही ठेवलेलं नसतं. म्हणून शंभर वर्षांत त्या पोटातून बाहेर फुगू शकतात. फुटपाथवर भिंतीला डोकं जवळजवळ टेकवून वर बघा, फुगवटा लगेच दिसतो. मागच्या अंगणातून तर नक्की बघा. मागची भिंत साध्या विटांची असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

घराचं सगळ्यात नाजूक ठिकाण म्हणजे मधला जिना. जिन्यासाठी मजल्यात भोक ठेवताना तिथले वासे मध्येच कापलेले असतात. ती कापलेली टोकं एका आडव्या लाकडावर टांगलेली असतात, आणि ते लाकूड दोन्ही बाजूंच्या जोडवाशांवर. या सांध्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो. एकशेतीस वर्षांत ते हळूहळू बसतात, म्हणून यांतल्या बहुतेक घरांत जमीन जिन्याच्या दिशेने उतरती असते. जिन्यालगतची बोळाची भिंत बांधताना फक्त आडोसा म्हणून घातलेली असते. पण वासे वाकत गेले की ते तिच्यावर टेकतात, आणि आडोसा नकळत भार घ्यायला लागतो. मग नूतनीकरणवाला येतो आणि दिवाणखाना मोकळा, ऐसपैस दिसावा म्हणून नेमकी तीच भिंत काढून टाकतो. तिथे पोलादी तुळई घातली का, ती कुठे टेकवली, तिचा भार खाली तळघरातल्या पायापर्यंत कसा नेला? हे नकाशात असायला हवं, आणि काम चालू असताना झालेल्या विशेष तपासणीचे अहवालही असायला हवेत. तुमच्या घराचा दिवाणखाना जाहिरातीत सलग दिसत असेल तर माझा पहिला प्रश्न हाच असेल.

नवी फरशी तुम्हाला सपाट दिसेल. त्यावर विसंबू नका. वाकलेल्या वाशांवर समपातळी करणारा सिमेंटसारखा थर ओतून वर फरशी लावतात. जमीन सरळ दिसते आणि आधीच दमलेल्या वाशांवर वजन वाढतं. खरं काय ते जुना जिना सांगतो, कारण तो सहसा कुणी सरळ करायच्या भानगडीत पडत नाही. पायऱ्या कुठल्या बाजूला कललेल्या आहेत, कठड्याचा खांब ओळंब्यात आहे का, पायरी आणि भिंत यांच्यामधली फट कुठे रुंदावली आहे आणि ती नव्याने भरलेली आहे का, हे प्रत्येक मजल्यावर बघा. जुन्या दारांची वरची कड तिरकी तासलेली दिसली तर चौकट किती सरकली हे मोजता येतं. छताकडची जुनी प्लास्टरची नक्षी जागेवर असेल तर तिच्या आणि नव्या फरशीच्या मधलं अंतर खोलीच्या चारही कोपऱ्यांत मोजा. मोजपट्टी खिशात ठेवून गेलं तरी पुरतं.

तीन बिऱ्हाडं म्हणजे तीन स्वयंपाकघरं आणि चार-पाच न्हाणीघरं. संडासाचा पाइप वाशांना छेदून न्यायचा तर प्लंबर वासा कापतो. वाशाच्या टोकाजवळ वरून खाच घेतली तर एक वेळ चालतं, पण मधोमध अर्धा वासा खाल्ला तर तो वासा गेलाच. हे सगळं आता प्लास्टरबोर्डाच्या वर लपलेलं असेल. काम उघडं असतानाचे फोटो मागा. प्रामाणिक बांधकामवाला फोटो काढून ठेवतोच, त्याला ते तपासनिसाला दाखवायचे असतात. फोटो नाहीत म्हणाले तर वरच्या न्हाणीघरांखालच्या छतात दोन छोटी भोकं पाडून कॅमेरा घालू द्या, अशी लेखी विनंती करा. बुजवायचा खर्च तुम्ही देता म्हणून सांगा. नकार आला तर त्याचाही विचार किमतीत करा.

तळघरात उतरा. आजूबाजूच्या घरांची तळघरं वाकून चालावं लागेल इतकी बुटकी आणि याची मात्र आठ फूट उंच, असं असेल तर जमीन खोदली आहे. मग सामाईक भिंतींच्या पायाखाली टप्प्याटप्प्याने काँक्रीट भरलेलं असलं पाहिजे. हे काम परवान्याने, देखरेखीखाली आणि शेजाऱ्याला कळवून करायचं असतं. बिनपरवाना केलं असेल तर उद्या शेजारच्या भिंतीला तडा गेल्यावर नोटीस तुमच्या दारावर चिकटणार. आणि तळघरात बिऱ्हाड ठेवायचा विचारही मनात आणू नका. ज्या मजल्याची निम्म्याहून जास्त उंची रस्त्याच्या कडेच्या पातळीखाली आहे, तो इथल्या नियमांत ‘सेलर’, आणि तिथे राहायला देणं साधारणपणे बेकायदा आहे. निम्मी किंवा जास्त उंची वर असलेला तो ‘बेसमेंट’, तिथे नियम पाळून राहता येतं. तुमच्या आई-बाबांचा बागेकडचा मजला बहुधा दुसऱ्या प्रकारात येईल, पण सर्टिफिकेटवर तसं वाचून घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात या शहरात तळमजल्याखालच्या घरांत ११ माणसं गेली. म्हणून पाणी कुठून येतं, गटाराचं उलटं पाणी अडवणारी झडप आहे का, पंप आहे का, हे तुमच्या आई-बाबांच्या खोलीसाठी सगळ्यात आधी विचारा.

दर्शनी भागाबद्दल. ‘ब्राउनस्टोन’ म्हणून आपण घराला हाक मारतो, पण घर विटांचं असतं. समोर चार ते सहा इंचांचा तपकिरी वालुकाश्म लावलेला असतो. या दगडाचा मोठा भाग कनेटिकटमधल्या पोर्टलंडच्या खाणींतून आला. दगड मऊ, थरांचा. घाईच्या त्या काळात तो बसवताना थर उभे राहतील असा लावला गेला. पाणी आत शिरलं आणि गोठलं की थर पापुद्र्यासारखे सुटतात. म्हणून आज ‘ब्राउनस्टोन’ म्हणून जे दिसतं ते बऱ्याच ठिकाणी तपकिरी रंगाचं सिमेंटचं लिंपण असतं. ते नीट केलं असेल तर दोन-तीन दशकं टिकतं. बोटाच्या पेराने ठोकून बघा; पोकळ आवाज आला तर ते सुटत आलंय.

मागच्या विटांच्या भिंतीत दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, कशाने भरल्या आहेत ते बघा. जुनी वीट मऊ असते, तिच्या दरजांत चुनाच लागतो. राखाडी, कडक सिमेंट भरलं की ओल दरजांतून बाहेर पडत नाही, विटेतून पडते, आणि विटेचा चेहरा फुटून गळतो. पुण्यात वाड्यांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून जे नुकसान झालं, त्याचं कारण हेच. अशीच दुसरी नवी चूक म्हणजे विटांच्या भिंतीला आतून फेसाचं इन्सुलेशन फवारणं. घर उबदार होतं, पण भिंत थंड आणि ओली राहते, आणि हिवाळ्यात ती गोठते. कोणतं इन्सुलेशन वापरलं आणि कुणाच्या सल्ल्याने, हे विचारा.

घर ऐतिहासिक विभागाच्या हद्दीत असेल तर बाहेरून काहीही बदलायला लँडमार्क्स प्रिझर्वेशन कमिशनची परवानगी लागते. न्यूयॉर्कचा हा कायदा १९६५ चा आहे. जुनं पेन स्टेशन पाडल्याचा धक्का त्यामागे होता. खासगी घरांच्या आतल्या सजावटीत कमिशन सहसा पडत नाही. खिडक्या, दरवाजा, कठडा, दगडी जिना, छताकडची कॉर्निस, मागचा वाढीव भाग हे त्याच्या कक्षेत येतं. समोर लाकडी खिडक्यांच्या जागी प्लास्टिकच्या लावल्या असतील आणि परवाना नसेल, तर तो नियमभंग घरासोबत नव्या मालकाकडे येतो. अशा घराच्या पुढच्या खिडक्या पुन्हा लाकडी करायच्या तर खर्च किरकोळ नसतो. काही जण या नियमांना वैतागतात. मला विचाराल तर गल्लीचं जे रूप बघून तुम्ही या घराच्या प्रेमात पडलात, ते या नियमांमुळेच शिल्लक आहे.

परवान्यांचा माग काढताना डिपार्टमेंट ऑफ बिल्डिंग्जच्या दोन प्रणाली बघाव्या लागतात: जुनी ‘बीआयएस’ आणि नवी ‘डीओबी नाऊ’. तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं काम आणि परवान्यात लिहिलेलं काम शेजारी ठेवा. परवाना फक्त ‘प्लंबिंगची उपकरणं बदलणे’ एवढाच आणि प्रत्यक्षात सगळं घर सोलून काढलेलं, असं दिसलं तर उघडच काहीतरी लपवलंय. परवाना घेतला पण काम पूर्ण झाल्याची डिपार्टमेंटची शेवटची सही झालेली नाही, हेही फार आढळतं. ती सही मिळवायची जबाबदारी खरेदीनंतर तुमची होते, आणि तोवर मूळ प्लंबर फोन उचलेनासा झालेला असतो.

पाइप आणि तारांचं लवकर सांगून टाकतो. रस्त्यापासून घरापर्यंतची पाण्याची नळी आणि घरापासून गटारापर्यंतचा पाइप दोन्ही घरमालकाचे. पाण्याची नळी शिशाची आहे का, हे महापालिकेच्या नकाशावर दिसतं. इथे शिशाच्या नळ्यांवर १९६१ मध्ये बंदी आली, त्याआधीचं घर म्हणजे संशय रास्त. गटाराच्या पाइपात कॅमेरा घालून घ्याच. वीज आणि गॅसचे मीटर प्रत्येक बिऱ्हाडाचे वेगळे हवेत, आणि जिन्याच्या दिव्यांसाठी मालकाचा एक. भिंतींवरच्या जुन्या रंगात शिसं असतंच असं धरा. १९६० च्या आधीच्या घरांत लहान मूल राहत असेल तर भाड्याच्या घराच्या मालकावर तपासणीची आणि दुरुस्तीची कायदेशीर जबाबदारी आहे. नूतनीकरण करताना हे काम कसं केलं, त्याचे चाचणीचे कागद मागा.

पैशाचा हिशेब करताना अग्रिम रकमेच्या पलीकडे दोन मोठे खर्च धरा. २० ते ३० लाख डॉलरच्या घरावर राज्याचा ‘मॅन्शन टॅक्स’, म्हणजे महागड्या घरांवरचा कर, १.२५ टक्के, आणि तो घेणाऱ्याने भरायचा. २२ लाखांवर २७,५०० डॉलर झाले. शिवाय गहाणखत नोंदवायचा कर. पाच लाख किंवा त्याहून मोठ्या कर्जावर तुमच्या वाट्याला १.९२५ टक्के येतो. १५ लाखांचं कर्ज घेतलंत तर २८,८७५ डॉलर. वकील, टायटल विमा आणि तपासण्या वेगळ्या. जर्सीत राहणाऱ्यांना हा गहाणखताचा कर माहीत नसतो आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. विकणाऱ्याचं जुनं कर्ज तुमच्या बँकेकडे वर्ग करून त्यावरचा कर वाचवता येतो का, हे वकिलाला विचारा.

वर आज कुणी भाडेकरू असतील तर त्यांचा करार विक्रीने संपत नाही, तो तुम्हाला पाळावा लागतो. घर रिकामं मिळेल असं तोंडी सांगितलं असेल तर ते करारात लिहून घ्या. अनामत रक्कम एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढू नये असं सांगणाऱ्या २०२४ च्या ‘गुड कॉज इव्हिक्शन’ कायद्यातून दहापर्यंत बिऱ्हाडांचं, मालक स्वतः राहत असलेलं घर वगळलेलं आहे, पण म्हणून भाडेकरूला मनाला येईल तसं काढता येतं असं नाही. एकाच जिन्याने वर-खाली जाणार आहात. वरच्यांची पावलं तुमच्या छतावर वाजणार आहेत. मजल्यांमध्ये आवाज अडवणारा थर घातलाय का, हे विचारलंत तर पुढची बरीच वर्षं सुखाची जातील.

आई-बाबांसाठी बागेकडचा मजला ही योग्य निवड आहे. दर्शनी दगडी जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या त्यांना चढायला नकोत. जिन्याखालच्या दारातून दोन-तीन पायऱ्या उतरून आत जाता येतं. त्या पायऱ्यांना कठडा बसवायचा असेल तर कमिशनला विचारून. घरात आतला जिना मात्र अरुंद आणि उभा असतो, त्यामुळे त्यांची न्हाणी आणि पूजेची जागा त्याच मजल्यावर करा. गल्लीत संध्याकाळी लोक दगडी जिन्यावर बसतात, नव्या माणसाला आवर्जून नमस्कार करतात. तुमच्या बाबांना हे आवडेल.

इथे घराची तपासणी करारावर सही करण्याआधी करतात. सही झाली की साधारण १० टक्के रक्कम विकणाऱ्याच्या वकिलाच्या एस्क्रो खात्यात (व्यवहार पुरा होईपर्यंत रक्कम अडकवून ठेवणारं खातं) जाते आणि मागे फिरणं अवघड होतं. त्यात समोर एलएलसी आहे. व्यवहार संपला की अशा कंपनीत बहुधा काही उरत नाही. शिवाय करारातली आश्वासनं खरेदीखत झाल्यावर, वेगळं लिहिलं नसेल तर, संपतात. म्हणून ‘तीन बिऱ्हाडांचं वैध सर्टिफिकेट, सगळ्या परवान्यांवर शेवटच्या सह्या आणि सर्व नियमभंग मिटवल्याचे दाखले व्यवहाराच्या दिवशी हातात दिले पाहिजेत’ असं कलम वकिलाकडून घालून घ्या. एखादी सही बाकी राहिली तर तेवढी रक्कम एस्क्रोत अडवून ठेवायची. नुसतं ‘विकणाऱ्याच्या माहितीप्रमाणे’ असं लिहिलेलं स्वीकारू नका.

आणि सर्टिफिकेटवर दोनच बिऱ्हाडं निघाली, तर घर सोडून द्यायलाच हवं असं नाही. वरचे दोन मजले मिळून एकच मोठं बिऱ्हाड करता येतं. तिसरं स्वयंपाकघर परवान्याने काढून टाकायचं आणि एखाद्या कुटुंबाला दोन्ही मजले द्यायचे. भाडं दोन वेगळ्या बिऱ्हाडांपेक्षा कमी येईल, पण गॅसची तपासणी, वार्षिक नोंदणी आणि आगीचे कडक नियम तुमच्यामागे लागणार नाहीत. जिन्यावरची वर्दळही कमी होईल. फक्त मग तुम्ही दोन बिऱ्हाडांचं घर घेताय, आणि किंमतही त्या गल्लीत अलीकडे विकल्या गेलेल्या दोन बिऱ्हाडांच्या घरांशी ताडून सांगायची. ते आकडे ॲक्रिसवर आहेत. स्वयंपाकघर काढण्याचा खर्च त्यातून वजा करा आणि तेवढीच ऑफर लेखी द्या.